कंटेनरमधील सेवा आणि पहिल्या प्रोसेसचे उत्तरदायित्व

लिनक्स कार्यप्रणालीवर पडद्याआड अखंड चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमना ‘सेवा’ म्हणतात; वेबपृष्ठे पुरवणारा सर्व्हर, माहितीचा साठा सांभाळणारा डेटाबेस, ठरल्या वेळी ठरलेली कामे उरकणारा क्रॉन, यंत्राचे घड्याळ अचूक राखणारा प्रोग्रॅम ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. यांतील बहुतेक सेवा ज्या काळात घडल्या, त्या काळात एक गोष्ट इतकी उघड मानली जात होती की ती कोठे लिहून ठेवण्याची गरजही कोणाला वाटली नाही. सेवा ज्या यंत्रावर चालते ते यंत्र, त्याचे घड्याळ, त्याची उपकरणे, त्याची मेमरी आणि त्याचे कर्नल, म्हणजे हार्डवेअर व प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा कार्यप्रणालीचा गाभा, हे सारे एकाच व्यवस्थेच्या ताब्यात असते, हे ते गृहीतक. कंटेनर नावाच्या पद्धतीने ते मोडले. सेवा त्याच राहिल्या आणि त्यांच्या भोवतालचे जग बदलले. या विसंगतीतून निर्माण होणारे दोष वरवर किरकोळ दिसतात: एखादा कंटेनर बंद व्हायला उगाच दहा सेकंद घेतो, एखादी सेवा सुरूच होत नाही, नोंदी दिसेनाशा होतात. म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, आणि त्या कंटेनरमध्ये डेटाबेस असला तर हे दुर्लक्ष महागात पडते.

कंटेनर म्हणजे छोटे यंत्र नव्हे, हे प्रथम स्पष्ट व्हायला हवे. आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, स्वतंत्र कर्नल चालते; कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोसेस मात्र यजमान यंत्राच्याच कर्नलवर चालत असतात. प्रोसेस म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्रॅम. कर्नल अशा काही प्रोसेसचा एक गट करून त्यांना जगाचे मर्यादित दर्शन घडवते, त्या गटाला कंटेनर म्हणायचे. हे दर्शन मर्यादित करण्याचे साधन म्हणजे नेमस्पेस आणि वापर मर्यादित करण्याचे साधन म्हणजे सीग्रुप. पहिल्यामुळे गटाला स्वतःची फाइलव्यवस्था, स्वतःचे नेटवर्क, स्वतःचे प्रोसेस-क्रमांक मिळतात; दुसऱ्यामुळे त्या गटाने किती मेमरी आणि किती प्रोसेसर-वेळ वापरावा याला आळा बसतो. यामागची कल्पना जुनी आहे. एखाद्या प्रोसेसला फाइलव्यवस्थेचा एकच कोपरा दाखवणारी ‘सीएचरूट’ ही सोय युनिक्समध्ये १९७९ साली आली. लिनक्समध्ये फाइलव्यवस्थेचे नेमस्पेस २००२ मध्ये आले. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले सीग्रुपचे काम आणि प्रोसेस-क्रमांकांचे नेमस्पेस या दोन्ही गोष्टी जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ या कर्नल-आवृत्तीत दाखल झाल्या, आणि वापरकर्त्यांच्या नेमस्पेसचे काम २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपर्यंत चालले. म्हणजे कंटेनर ही एकाच वेळी रचलेली वस्तू नाही. निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या गरजांतून आलेल्या सोयींची ती जुळणी आहे, आणि तिच्यातील फटींचे बरेचसे स्पष्टीकरण या इतिहासात आहे.

या जुळणीचा वापर करणाऱ्या दोन परंपरा आरंभापासून वेगळ्या राहिल्या. २००८ साली आलेल्या एलएक्ससीने कंटेनरमध्ये संपूर्ण लिनक्स व्यवस्था चालवण्याचा विचार केला, ज्यात अनेक सेवा, लॉगिन आणि नोंदी असे सगळे असते. मार्च २०१३ मध्ये सोलोमन हाइक्स यांनी जगापुढे मांडलेल्या डॉकरने पुढे ‘एका कंटेनरमध्ये एकच काम’ हा संकेत रूढ केला. दोन्ही परंपरा ग्राह्य आहेत. अडचण तेव्हा उद्भवते जेव्हा पहिल्या परंपरेसाठी लिहिलेली सेवा कोणताही फेरविचार न करता दुसऱ्या परंपरेच्या कंटेनरमध्ये ठेवली जाते.

कर्नल एकच असल्यामुळे काही गोष्टींची वाटणी होऊच शकत नाही. यंत्रावरील दिनांक आणि वेळ सर्व कंटेनरांना सामाईक असते. २०२० मध्ये वेळेचे नेमस्पेस आले खरे, पण ते यंत्र सुरू झाल्यापासून मोजल्या जाणाऱ्या काळापुरते आहे, भिंतीवरच्या घड्याळासारख्या प्रत्यक्ष वेळेला ते लागू होत नाही. कर्नलची मॉड्यूले, म्हणजे त्यात मागाहून जोडले जाणारे भाग, सामाईक असतात. हार्डवेअर उपकरणे सामाईक असतात आणि कर्नलची अनेक नियंत्रणेही सामाईक असतात. सहकारी गृहसंस्थेतील सदनिकाधारकाला आपल्या घराचे दार आणि नळ यांवर पूर्ण अधिकार असतो, पण गच्चीवरची टाकी आणि तळमजल्यावरचा पंप संस्थेचा असतो. कंटेनरमधील सेवेची स्थिती तशीच आहे. तिला योग्य रीतीने वागायला लावणे म्हणजे तिच्या ताब्यात काय आहे आणि काय नाही हे तिला स्पष्ट व खरे सांगणे. पुढील सर्व तांत्रिक तपशील या एका तत्त्वाचे निरनिराळे आविष्कार आहेत.

सर्वात मोठा घोटाळा कंटेनरमधील पहिल्या प्रोसेसबाबत होतो, आणि तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात. यंत्र सुरू होताना कर्नल जी पहिली प्रोसेस सुरू करते तिचा क्रमांक १ असतो. प्रत्येक कंटेनरला स्वतःचे प्रोसेस-क्रमांक मिळत असल्यामुळे प्रत्येक कंटेनरमध्येही एक ‘क्रमांक १’ असतो, आणि कर्नल त्या क्रमांकाशी काही विशेष कर्तव्ये व काही विशेष सवलती जोडते. ज्या प्रोग्रॅमला हा क्रमांक मिळतो त्याला त्या कर्तव्यांची कल्पना आहे की नाही, हे मात्र कर्नल विचारत नाही.

त्यातील पहिले कर्तव्य संपलेल्या प्रोसेसची नोंद मिटवण्याचे आहे. एखादी प्रोसेस संपली की तिची मेमरी लगेच मोकळी होते, परंतु ती कशी संपली हे सांगणारी एक छोटी नोंद कर्नल जपून ठेवते आणि तिच्या जनक प्रोसेसने ती नोंद विचारून घेईपर्यंत काढून टाकत नाही. अशा अर्धवट उरलेल्या प्रोसेसला झोंबी म्हणतात. जनक प्रोसेस आधीच संपली असेल तर तिची अनाथ अपत्ये सर्वसाधारणपणे क्रमांक १ च्या पदरात घातली जातात आणि त्यांच्या नोंदी मिटवणे हे त्या पहिल्या प्रोसेसचे काम ठरते. पूर्ण लिनक्स व्यवस्थेत हे काम करण्यासाठीच घडवलेला ‘इनिट’ नावाचा प्रोग्रॅम पहिल्या क्रमांकावर असतो. कंटेनरमध्ये त्या जागी एखादा वेब सर्व्हर किंवा पायथॉनमधील प्रोग्रॅम बसतो, जो परक्या अपत्यांची चौकशी कधीच करत नाही. मग झोंबी साचत जातात आणि अखेरीस प्रोसेसच्या संख्येवर घातलेली मर्यादा संपून नवी प्रोसेस सुरू होणेच थांबते. बाह्य आज्ञा सतत चालवणाऱ्या सेवांत हा दोष लवकर दिसतो, इतरत्र तो महिनोन्‌महिने लपून राहतो.

दुसरी बाब सिग्नलांची आहे. एका प्रोसेसने दुसरीला किंवा कर्नलने प्रोसेसला पाठवलेल्या संक्षिप्त सूचनेला सिग्नल म्हणतात. ‘सिगटर्म’ हा सिग्नल ‘आवरून बंद हो’ असे सांगतो आणि प्रोसेसला आवराआवर करण्याची संधी देतो. ‘सिगकिल’ मात्र कोणतीही संधी न देता तिला तत्क्षणी संपवतो. एखाद्या साध्या प्रोसेसने सिगटर्मबाबत काहीही ठरवले नसेल तर कर्नल तिला संपवून टाकते, कारण तोच त्या सिग्नलचा मूळ परिणाम आहे. क्रमांक १ च्या प्रोसेसला मात्र येथे सवलत आहे: तिने सिग्नल हाताळण्याची तजवीज स्वतः केलेली नसेल तर तो तिच्यापर्यंत पोचतच नाही. संपूर्ण व्यवस्थेचा आधार चुकून कोसळू नये या हेतूने ठेवलेली ही सवलत कंटेनरमध्ये उलट फळ देते. डॉकरला कंटेनर बंद करण्याची आज्ञा दिली की डॉकर पहिल्या प्रोसेसला सिगटर्म पाठवते, दहा सेकंद वाट पाहते आणि नंतर सिगकिल पाठवते. कुबरनेटिसमध्ये, म्हणजे अनेक यंत्रांवरील कंटेनरांचे नियोजन करणाऱ्या व्यवस्थेत, हीच मुदत ३० सेकंदांची असते. सिगटर्मकडे पाठ फिरवणारी पहिली प्रोसेस प्रत्येक वेळी ही मुदत पूर्ण संपवते आणि मग हातातले काम अर्धे टाकून मरते.

यात भर पडते ती शेलची. शेल म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्रॅम. डॉकरच्या प्रतिमेत, म्हणजे ज्या साच्यावरून कंटेनर तयार होतो त्यात, सुरुवातीची आज्ञा दोन पद्धतींनी लिहिता येते. चौकटी कंसात तिचे घटक वेगवेगळे लिहिले तर तो प्रोग्रॅम थेट पहिली प्रोसेस होतो. साध्या वाक्यासारखी लिहिली तर आधी शेल सुरू होतो आणि अनेकदा शेलच क्रमांक १ वर बसून राहतो, खरा प्रोग्रॅम त्याचे अपत्य ठरतो. शेल आपल्याला आलेला सिगटर्म अपत्याकडे पोचवत नाही. दहा सेकंदांनी शेल मारला जातो आणि नेमस्पेसमधील पहिली प्रोसेस संपली की कर्नल त्यातील उरलेल्या सर्व प्रोसेस सिगकिलने संपवते, त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोग्रॅमला आपण बंद होत आहोत याची सूचनाही मिळत नाही. सुरुवातीची तयारी करण्यासाठी शेल-स्क्रिप्ट आवश्यक असेल, तर तिच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी ‘एक्झेक’ हा शब्द लिहावा, म्हणजे शेल आपली जागा त्या प्रोग्रॅमला देऊन स्वतः नाहीसा होतो. एका शब्दाची ही दुरुस्ती कित्येक प्रतिमांत आजही राहून गेलेली आढळते, आणि त्या सेवांची प्रत्येक बंद होण्याची वेळ म्हणजे अपघाताची वेळ असते.

बंद होण्याची भाषा प्रत्येक सेवेची वेगळी असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस सिगटर्म मिळाल्यावर नव्या जोडण्या नाकारतो, पण चालू जोडण्या आपणहून सुटेपर्यंत थांबतो. कायम जोडलेल्या अ‍ॅप्लिकेशनांच्या जगात ते सुटणे दहा सेकंदांत सहसा होत नाही. ‘सिगइंट’ मिळाल्यावर मात्र तो चालू व्यवहार रद्द करून, सर्व काही डिस्कवर नीट लिहून बंद होतो. म्हणून त्याच्या अधिकृत प्रतिमेत बंद करण्याचा सिग्नल म्हणून सिगइंट नेमलेला आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला चालू विनंत्या पूर्ण करून बंद व्हायचे असेल तर सिगक्विट लागतो, आणि त्याच्या अधिकृत प्रतिमेत तोच नोंदवलेला आहे. डेटाबेस सिगकिलने मारला गेला तरी पुढच्या वेळी तो आपल्या व्यवहारवहीवरून स्वतःला सावरून घेतो हे खरे, परंतु त्या सावरण्याला वेळ लागतो, आणि रोजच्या नियोजित बंद-चालूसाठी आपत्कालीन सोय वापरत राहणे हे व्यवस्थापन म्हणता येणार नाही.

ज्या सेवेला पहिल्या प्रोसेसची कर्तव्ये पेलणे शक्य नसते, तिच्यासाठी ‘टिनी’ किंवा येल्पच्या अभियंत्यांनी लिहिलेला ‘डम्ब-इनिट’ असे अगदी छोटे प्रोग्रॅम आहेत. ते क्रमांक १ वर बसतात, आलेले सिग्नल खऱ्या सेवेकडे पोचवतात आणि झोंबींच्या नोंदी मिटवतात. याहून अधिक काही करत नाहीत. २०१७ च्या आरंभी आलेल्या डॉकरच्या १.१३ आवृत्तीपासून कंटेनर सुरू करताना ‘इनिट’ हा पर्याय दिला की अशी प्रोसेस आपोआप पुढे ठेवली जाते. एकच सेवा असलेल्या बहुसंख्य कंटेनरांना इतके पुरते.

जुन्या सेवांची आणखी एक सवय कंटेनरमध्ये आड येते. युनिक्सच्या परंपरेत सेवा सुरू होताना स्वतःची प्रत काढून पार्श्वभूमीत जात असे आणि मूळ प्रोसेस संपत असे, जेणेकरून ती सुरू करणाऱ्याचा टर्मिनल मोकळा व्हावा. कंटेनरमध्ये ही मूळ प्रोसेसच क्रमांक १ असते. ती संपली की कंटेनरच संपतो, आणि नवख्या व्यवस्थापकाला सेवा कोणतीही चूक न दाखवता लगेच बंद पडलेली दिसते. म्हणून एनजिनएक्सला ‘डीमन ऑफ’, अपाचीला ‘फोरग्राउंड’ आणि एसएसएच सर्व्हरला ‘डी’ हा पर्याय देऊन पुढ्यात थांबायला सांगतात. नोंदींचेही तसेच आहे. कंटेनर चालवणारी व्यवस्था पहिल्या प्रोसेसचा मानक आउटपुट टिपून घेते, फाइलींत लिहिलेल्या नोंदी तिला दिसत नाहीत. एनजिनएक्सच्या अधिकृत प्रतिमेत नोंदवहीच्या फाइलींच्या जागी मानक आउटपुटकडे नेणारे दुवे ठेवून हा प्रश्न सोडवलेला आहे. डेबियनवर आधारित प्रतिमांत ‘पॉलिसी-आरसी.डी’ नावाची एक छोटी फाइल असते. सेवा सुरू करू का, असे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने विचारले की ती १०१ हा आकडा परत करते, ज्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असा आहे. प्रतिमा बांधली जात असताना सेवा सुरू होऊ नयेत एवढ्यासाठी ही तजवीज आहे. तिची कल्पना नसलेला माणूस पॅकेज बसवूनही सेवा सुरू का झाली नाही याचा शोध भलतीकडेच घेत बसतो.

येथपर्यंतची चर्चा एका सेवेच्या कंटेनरची होती. एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक सेवा एकत्र चालवायच्या असतील, किंवा एखादे जुने अ‍ॅप्लिकेशन संपूर्ण व्यवस्थेसह हलवायचे असेल, तर कंटेनरमध्ये खरा इनिट लागतो, आणि आजच्या लिनक्समध्ये तो बहुधा सिस्टमडी असतो. लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये आरंभलेला हा प्रकल्प २०११ मध्ये फेडोरा १५ मध्ये, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटू यांत मूळ इनिट म्हणून स्थिरावला. सिस्टमडीत प्रत्येक सेवेसाठी ‘युनिट’ नावाची वर्णन-फाइल असते. सेवा कशी सुरू करायची, कोणत्या सेवेनंतर करायची आणि कोणत्या मर्यादांत ठेवायची हे त्यात लिहिलेले असते. प्रत्येक सेवेला सिस्टमडी स्वतंत्र सीग्रुपात ठेवतो, त्यामुळे सेवेची एकही प्रोसेस त्याच्या नजरेतून सुटत नाही. हेच त्याचे बलस्थान आहे, आणि कंटेनरमध्ये सर्वात आधी अडखळते तेही हेच, कारण त्यासाठी सीग्रुपांच्या वृक्षातील आपल्या वाट्याच्या शाखेत लिहिण्याचा अधिकार त्याला मिळावा लागतो. सीग्रुपांच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत असा अधिकार सामान्य कंटेनरच्या स्वाधीन करणे सुरक्षित नव्हते. २०१६ मधील ४.५ या कर्नलपासून अधिकृत झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत एखादी शाखा रीतसर सोपवण्याची पद्धत आहे, फेडोरा ३१ ने २०१९ मध्ये ती मूळ धरली, आणि ही अडचण तेव्हापासून बरीच ओसरली.

सिस्टमडीला कंटेनरकडून आणखी काही अपेक्षा असतात. ‘/रन’ ही निर्देशिका मेमरीत राहणारी आणि सुरुवातीला रिकामी असावी. ‘/सिस’ ही कर्नलची माहिती दाखवणारी निर्देशिका फक्त वाचता यावी. आणि पहिल्या प्रोसेसच्या परिस्थिती-चलांत ‘कंटेनर’ नावाचे एक चल असावे, ज्यात कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव असते. या चलावरून सिस्टमडीला आपण कोठे आहोत हे कळते आणि तो हार्डवेअरशी संबंधित कामे आपणहून सोडून देतो. सिग्नलची भाषाही येथे पुन्हा बदलते. सिस्टमडी पहिल्या क्रमांकावर असताना सिगटर्मचा अर्थ ‘बंद हो’ असा घेत नाही. तो आपली स्थिती जपून स्वतःला नव्याने सुरू करतो. क्रमवार सर्व सेवा थांबवून थांबण्यासाठी त्याला ‘सिगआरटीमिन अधिक ३’ हा सिग्नल द्यावा लागतो आणि प्रतिमेत तसे नोंदवावे लागते. रेड हॅटच्या पुढाकाराने घडलेल्या, कंटेनर चालवणाऱ्या पॉडमॅन या प्रोग्रॅमला कंटेनरची आज्ञा सिस्टमडी असल्याचे दिसले की तो ‘/रन’ची मांडणी, चल आणि सिग्नल ही सर्व तयारी न सांगता करतो. सिस्टमडीसह चालणाऱ्या कंटेनरसाठी पॉडमॅन हीच अधिक समंजस निवड ठरते ती यामुळे.

सिस्टमडी सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही, कारण वितरणातून, म्हणजे फेडोरा किंवा डेबियनसारख्या तयार लिनक्स-संचातून, आलेल्या कित्येक युनिट कंटेनरमध्ये निरर्थक असतात. उपकरणे जोडली-काढली जाताना त्यांची व्यवस्था लावणारा ‘युडेव्ह’, वेळ जुळवणारी सेवा, प्रत्यक्ष टर्मिनलवर लॉगिन दाखवणारी ‘गेटी’ यांना कंटेनरमध्ये करण्यासारखे काही नसते. त्यांना अडवण्याची सर्वोत्तम जागा युनिटमधील ‘कंडिशन’ ही असते. युडेव्हच्या युनिटमध्ये ‘/सिस’ लिहिण्याजोगी असेल तरच सुरू हो, अशी अट आहे. गेटीच्या युनिटमध्ये आभासी टर्मिनल अस्तित्वात असण्याची अट आहे. क्रोनीसारख्या वेळ जुळवणाऱ्या सेवेच्या युनिटमध्ये घड्याळ बदलण्याचा अधिकार असल्याची अट आढळते. स्वतःच्या युनिटसाठी ‘कंडिशन-व्हर्च्युअलायझेशन’ या नावापुढे उद्गारचिन्ह आणि ‘कंटेनर’ हा शब्द लिहिला की ती सेवा कोणत्याही कंटेनरमध्ये सुरू होत नाही. अट पुरी झाली नाही तर सिस्टमडी ती सेवा वगळतो, तिला अयशस्वी ठरवत नाही, आणि हा भेद फार मोलाचा आहे. एकही युनिट अयशस्वी असेल तर सिस्टमडी संपूर्ण व्यवस्थेची स्थिती ‘डिग्रेडेड’, म्हणजे ढासळलेली, अशी दाखवतो. जो कंटेनर निरर्थक कारणांनी कायमच ढासळलेला दिसतो, त्याच्या व्यवस्थापकाला खरी सेवा कोसळली तेव्हाही वेगळे काही दिसत नाही. नको असलेल्या सेवा काटेकोरपणे वगळणे म्हणूनच टापटिपीच्या पलीकडचे काम आहे.

युनिटमध्ये अशी अट नसेल तर दोन मार्ग उरतात. सेवा मुळीच नको असल्यास ती ‘मास्क’ करावी, म्हणजे तिच्या युनिटच्या नावाने ‘/डेव्ह/नल’ या रिकाम्या उपकरणाकडे जाणारा दुवा ठेवला जातो आणि ती कोणाच्याही सांगण्यावरून सुरू होत नाही. सेवा हवी, पण तिच्यातील एखादी ओळच बदलायची असेल, तर मूळ युनिटला हात न लावता ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ खाली त्या सेवेच्या नावाची आणि शेवटी ‘.डी’ असलेली निर्देशिका करून तीत छोटी पूरक फाइल ठेवावी. पॅकेजची नवी आवृत्ती आली तरी ही फाइल टिकते, आणि मूळ लेखकाच्या निर्णयांपासून आपण नेमके कोठे फारकत घेतली हे पुढच्या माणसाला तीन-चार ओळींत वाचता येते.

पूरक फाइलींची खरी परीक्षा संरक्षक सेटिंगांच्या वेळी होते. नव्या युनिटमध्ये ‘प्रायव्हेट-टीएमपी’, ‘प्रोटेक्ट-सिस्टम’, ‘प्रायव्हेट-डिव्हायसेस’ अशा ओळी असतात. त्या सेवेला स्वतःची तात्पुरती निर्देशिका देतात, व्यवस्थेच्या फाइलींवर लिहू देत नाहीत, उपकरणांपासून दूर ठेवतात. हे सर्व साधण्यासाठी सिस्टमडीला त्या सेवेपुरते नवे नेमस्पेस उभारून त्यात फाइलव्यवस्थेची वेगळी मांडणी करावी लागते, आणि कंटेनरला तसे अधिकार नसले की सेवा ‘नेमस्पेस’ या टप्प्यावर २२६ या संकेतांकासह कोसळते. कंटेनरमध्ये नेमस्पेसच्या आत नेमस्पेस करण्याची मुभा देणे, ज्याला एलएक्ससीच्या जगात ‘नेस्टिंग’ म्हणतात, हा एक उपाय. पूरक फाइलीतून तेवढीच ओळ बंद करणे हा दुसरा. कंटेनर स्वतःच एका सेवेपुरता आणि चोख बांधलेला असेल तर दुसरा उपाय स्वीकारार्ह ठरतो, आत अनेक सेवा एकमेकींशेजारी राहत असतील तर पहिला बरा.

तिसरा उपाय बराच प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’ करून चालवला की वरील बहुतेक अडचणी एका फटक्यात नाहीशा होतात, कारण यजमानाची उपकरणे आणि जवळजवळ सर्व अधिकार त्याला मिळतात. असा कंटेनर यजमानाच्या डिस्कवर लिहू शकतो, कर्नलची मॉड्यूले भरू शकतो आणि यंत्राचे घड्याळ बदलू शकतो. ज्या विलगतेसाठी कंटेनर घेतला ती त्यात उरत नाही. उरतो तो विलगतेचा समज, आणि या समजावर विसंबून त्यात अविश्वसनीय प्रोग्रॅम ठेवला जातो तेव्हा कंटेनर मुळीच नसता तर बरे झाले असते अशी स्थिती येते. योग्य दिशा याच्या उलट आहे. वापरकर्त्यांच्या नेमस्पेसमुळे कंटेनरमधील ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, यजमानावरील १,००,००० सारख्या एखाद्या सामान्य क्रमांकाशी जोडता येतो, आणि आत सर्वाधिकारी असलेली प्रोसेस बाहेर पडली तरी बाहेर तिला कोणी ओळखत नाही. चूक दिसली की आधी कोणता एक अधिकार कमी पडला हे शोधावे. तो अधिकार द्यावा, किंवा त्या सेवेला त्याची गरज का आहे हे विचारावे. हे काम वेळ घेते, पण त्याला पर्याय नाही.

मेमरी आणि प्रोसेसर यांच्या मोजणीतही कंटेनर सेवेला फसवतो. सीग्रुपाने मेमरीची मर्यादा घातली तरी ‘/प्रॉक/मेमइन्फो’ ही फाइल यजमानाची संपूर्ण मेमरी दाखवत राहते, कारण ती फाइल सीग्रुप विचारात घेत नाही. ६४ जीबी मेमरीच्या यंत्रावर १ जीबीची मर्यादा असलेल्या कंटेनरमधील जुनी जावा सेवा त्या ६४ जीबींचा चौथा हिस्सा आपला मानत असे आणि वाढता वाढता कर्नलकडून मारली जात असे. २०१८ मध्ये आलेल्या जावा १० मध्ये, आणि त्याच वर्षी जावा ८ च्या १९१ क्रमांकाच्या सुधारणेत, सीग्रुपाची मर्यादा आपोआप वाचण्याची सोय आली. प्रोसेसरची संख्या पाहून तितके कामगार उभे करणाऱ्या सेवांची गतही अशीच होते. एलएक्ससीच्या जगात ‘एलएक्ससीएफएस’ नावाची फाइलव्यवस्था या फाइलींचे कंटेनरपुरते खरे रूप दाखवते. डॉकरमध्ये असे काही मूळचे नसल्यामुळे सेवेच्या रचनेत हे आकडे स्वतः लिहून देणेच इष्ट.

ओळखीचा प्रश्न छोटा असला तरी त्रासदायक आहे. ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ या फाइलीत व्यवस्थेचा एकमेव ओळख-क्रमांक असतो; नोंदवह्या त्यावरून वेगळ्या ठेवल्या जातात आणि सिस्टमडीचे नेटवर्क-व्यवस्थापन पत्ता मागतानाही त्यापासून तयार केलेली ओळख सांगते. प्रतिमेत तो भरलेला राहिला तर तिच्यापासून निघालेले सगळे कंटेनर एकच ओळख मिरवतात. प्रतिमा तयार करताना ती फाइल रिकामी ठेवली की प्रत्येक कंटेनर पहिल्यांदा सुरू होताना आपला क्रमांक घेतो. याउलट नावांचे पत्ते शोधण्यासाठीची ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल डॉकर बाहेरून आणून बसवतो. तिच्या जागी नवी फाइल ठेवू पाहणाऱ्या सेवेला ‘व्यग्र’ अशी चूक मिळते, आणि तेथे सेवेनेच माघार घेणे योग्य.

हे सर्व नीट झाले की नाही याची तपासणी सोपी आहे आणि ती प्रतिमा वापरात आणण्यापूर्वीच व्हावी. कंटेनरमधील प्रोसेसची यादी पाहून क्रमांक १ वर कोण आहे हे प्रथम बघावे. तेथे अनपेक्षितपणे शेल आढळला तर पुढचे प्रश्न आधीच ठाऊक असतात. सिस्टमडी असल्यास त्याच्या ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेला व्यवस्थेची स्थिती विचारावी आणि ‘रनिंग’ हे उत्तर येईपर्यंत अयशस्वी युनिट एकेक करून निकाली काढाव्यात. नंतर सेवेवर प्रत्यक्ष काम चालू असताना कंटेनर बंद करावा आणि त्याचा अखेरचा संकेतांक पाहावा. आवरून बंद झालेल्या सेवेचा संकेतांक बहुधा शून्य असतो. सिगटर्म हाताळण्याची तजवीज नसलेली सेवा टिनीसारख्या प्रोग्रॅमखाली चालत असली तर १४३, म्हणजे १२८ अधिक सिगटर्मचा क्रमांक १५, असा आकडा दिसतो. १३७ दिसला तर तो १२८ आणि सिगकिलचा क्रमांक ९ यांची बेरीज असतो: सेवा मुदतीत आवरली नाही आणि मारली गेली, किंवा तिची मेमरी-मर्यादा संपली. या दोहोंतील कोणते कारण खरे, हे कंटेनरच्या तपशिलातील ‘ओओएम-किल्ड’ या नोंदीवरून कळते. ती नोंद नकारार्थी असेल आणि बंद व्हायला बरोबर दहा सेकंद लागले असतील, तर सिग्नल सेवेपर्यंत पोचलेला नाही किंवा सेवेला समजणारा सिग्नल तो नव्हे, आणि तपासणी पुन्हा क्रमांक १ पासून सुरू करावी.